चातक येतो त्याची बातमी, जातो त्याची का नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

दरवर्षी मृग जवळ आला की तुमच्या पेपरात चातकाचा फोटो येतो अन् खाली तेच तेच, चातक आला आता पाऊस येणार, तो म्हणे फक्त पावसाचंच पाणी पितो. ते पाण्याचं गोष्टीतलं आहे, जाऊ द्या, पण पाऊस संपल्यावर तो परत आफ्रिकेकडं जातो त्याच्या दोन ओळी मी आजवर तुमच्याकडं वाचल्या नाहीत. अन् खरी गंमत तं तिथंच आहे.

मागच्या ऑगस्टमध्ये पऱ्हाटीत डवरण चालू होतं, धुऱ्यावरच्या बोरीवर सातभाई पक्ष्यांचा नुसता कलकलाट. साप असंन म्हणून जवळ गेलो तं मधात एक पिल्लू, पाठ काळपट, छाती मळकट पांढरी, डोक्यावर अर्धवट शेंडी, चोच वासून पंख थरथरवत बसलेलं, अन् सातभाई आळीपाळीनं त्याच्या तोंडात अळ्या कोंबताहेत. ते चातकाचं पिल्लू. चातकाची मादी घरटं बांधतच नाही, सातभायांच्या निळ्या अंड्यांत आपलं निळं अंडं टाकते अन् मोकळी होते.

आता सातभाई म्हणजे या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर, लय झालं तं गावठाणापर्यंत. त्यांच्या हातचं खाऊन वाढलेलं लेकरू, ज्यानं खरे मायबाप ओळखलेच नाहीत, ते अरबी समुद्रापल्याड जायला निघते. काहून अन् कसं?

पुतण्या म्हणतो, काका, जन्मजात असते ते. बरं, पण जन्मजात किती? चातकावरचा नाही, पण आपल्या भोरड्यांच्या भाऊबंदांवरचा एक जुना प्रयोग आहे. पर्डेक नावाच्या डच शास्त्रज्ञानं हॉलंडमध्ये 11,000 च्या वर स्टार्लिंग पकडले, विमानानं स्वित्झर्लंडला नेऊन सोडले अन् 1958 मध्ये निकाल छापला. म्हातारे पक्षी दिशा बदलून नेहमीच्या जागेकडं वळले, पहिल्यांदाच निघालेली पिल्लं मात्र जुन्याच दिशेनं सरळ उडाली अन् पार दक्षिण फ्रान्स, स्पेनात जाऊन पोचली. म्हणजे कुठल्या बाजूला जायचं ते पिल्लाला उपजत असते, रस्ता चुकला तं सुधरवायचं कसं ते एकदा जाऊन आल्यावरच कळते.

अन् ती बाजू तरी कशी ओळखतात, तं कोणी सूर्यावरून, कोणी जमिनीच्या चुंबकत्वावरून, कोणी ताऱ्यांवरून. अमेरिकेत एम्लेन नावाच्या शास्त्रज्ञानं बंटिंग जातीच्या पक्ष्यांची पिल्लं तारांगणात वाढवली अन् ध्रुवाऐवजी सारं आकाश मृगातल्या काक्षी ताऱ्याभोवती फिरवून दाखवलं, तं पिल्लांनी काक्षीलाच उत्तर धरलं! म्हणजे कोणता तारा ते पाठ नसते, आकाश कोणाभोवती फिरते तेवढं ती पाहून ठेवतात. हे वाचल्यापासून रात्री ओलिताला गेलो की मान वरच असते, पाणी दुसऱ्याच सरीत जाते अन् घरी बोलणी खावी लागतात.

तं साहेब, येत्या ऑक्टोबरात एक छोटी बातमी टाका, चातक गेले म्हणून. फोटोला पक्षी नाही भेटला तं बोरीच्या रिकाम्या फांदीचा फोटो मी पाठवतो.

आपला,
एक कापूसवाला वाचक, जि. यवतमाळ