शेवटी पळणाऱ्या मुलीसोबत पळायला माणसं हवीत

नमस्कार मंडळी, फिरवून बोलत नाही, सरळ सांगते. आपल्या मुलींच्या रनिंग बॅचला कोच कमी पडतायत. आत्ता ३८ मुली आहेत, वय ८ ते १३, आणि आम्ही मोठी माणसं फक्त चार, त्यात एकीचा घोटा मुरगळलाय म्हणून ती स्टॉपवॉच घेऊन कडेला उभी राहते आणि ओरडते (ओरडायलाही कुणीतरी लागतंच म्हणा). पुढची बॅच दहा आठवड्यांची, आठवड्यातून दोन संध्याकाळी, दीड-दीड तास. अजून निदान सहा जण मिळाल्याशिवाय नवीन मुली घ्यायच्या नाहीत असं आम्ही ठरवलंय, आणि वेटिंगला २० नावं आहेत. रोज कुणाची ना कुणाची आई विचारते, नंबर लागला का, आणि दरवेळी तेच उत्तर देऊन आता माझी मलाच लाज वाटायला लागलीये.

कुणालाही विचारलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "अगं पण मी कुठे रनर आहे?" तर हे नीट वाचा, फास्ट पळणारी माणसं आम्हाला नकोच आहेत असं नाही, पण खरी गरज त्यांची नाहीये. पुढे पळणाऱ्या पाच-सहा मुली आपोआप पळतात, त्यांना फक्त थांब म्हणायला कोणीतरी लागतं. अडतं ते मागे. सगळ्यात शेवटी जी मुलगी असते तिच्यासोबत कोणीच नसतं, कारण चार माणसांत आम्ही कुठे कुठे पुरणार.

मागच्या बॅचमधली गोष्ट सांगते. अकरा वर्षांची एक मुलगी, दर राउंडला अर्ध्यात थांबायची आणि खाली बसून बुटाची लेस बांधायची. मला तीन दिवस वाटलं बूटच खराब असतील, मी तिला डबल गाठ पण शिकवली, आणि चौथ्या दिवशी जवळ गेले तर लेस अजिबात सुटलेली नव्हती. बाकीच्या सगळ्या पळून झालेल्या, कडेला उभ्या राहून हिच्याकडे बघतायत, आणि तिला ते बघणं नको होतं एवढंच. मग आमच्यातल्या एक काकू, ज्या आयुष्यात कधी बस पकडायला सुद्धा पळाल्या नव्हत्या, त्या तिच्यासोबत मागे राहायला लागल्या. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, आणि काकूंना तिच्यापेक्षा जास्त दम लागायचा त्यामुळे हीच काकूंसाठी थांबायला लागली. लेस बांधणं बंद झालं. दहाव्या आठवड्यात दोघींनी ५ किलोमीटर ४७ मिनिटांत पूर्ण केलं, दोघी शेवटच्या, आणि काकूंचे पाय पुढे चार दिवस दुखत होते.

आम्हाला अशा काकू हव्यात. काका पण चालतील, त्याबद्दल खाली लिहिलंय.

"मुलींना एवढं झेपेल का" हा प्रश्न अजून येतो, कधी आजीकडून, कधी चक्क वडिलांकडून. हा प्रश्न फार जुना आहे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटर पहिल्यांदा झाली, जर्मनीच्या लिना राडकेने २ मिनिटं १६.८ सेकंदात वर्ल्ड रेकॉर्ड करून जिंकली, आणि रेस संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या-आडव्या झाल्या, जे ८०० मीटर जीव तोडून पळाल्यावर कोणीही होतं, पुरुष सुद्धा होतात. पण पेपरवाल्यांनी त्याचा एवढा गवगवा केला की ती रेस ऑलिम्पिकमधून गेली ती थेट १९६० ला रोममध्ये परत आली. मॅरेथॉनसाठी तर १९८४ उजाडलं. आता तोंडावर कोणी असं म्हणत नाही, आता मुलगी स्वतःच बारा-तेराव्या वर्षी गुपचूप यायची बंद होते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ५ ते १७ वयात रोज सरासरी ६० मिनिटं तरी चांगली हालचाल हवी, आणि त्यांच्याच अभ्यासात, २०१६ च्या आकड्यांप्रमाणे, ११ ते १७ वयातल्या जवळपास ८५ टक्के मुली तेवढं करत नव्हत्या. मुलगे ७८ टक्के, म्हणजे तेही काही फार उजेड पाडत नव्हते.

मुली का सोडतात ते ग्राउंडवर उभं राहिलं की कळतं. शरीर बदलत असतं, नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा नसते आणि मागायची लाज वाटते, पाळी कधी येईल याची धास्ती, कोणीतरी बघून हसेल ही भीती. आणि अजून एक गोष्ट जी कोणी त्यांना सांगत नाही, उंची भराभर वाढते तेव्हा काही मुलींचा टाइम सहा महिने-वर्षभर सुधारत नाही किंवा उलटा वाढतो. गेल्या वर्षी पहिली येणारी यंदा सातवी येते आणि तिला वाटतं आपलं संपलं. संपलेलं नसतं, हातपाय लांब झालेत, त्यांची सवय व्हायला वेळ लागतो. हे तिला वेळेवर सांगणं हे कोचचं काम, आणि त्यासाठी डिग्री लागत नाही, तिचं नाव आणि मागचे दोन-तीन महिने लक्षात असावे लागतात. म्हणून आम्हाला सातत्य पाहिजे. दोन वेळा येऊन सेल्फी काढून गायब होणाऱ्यांपेक्षा न आलेले बरे, राग मानू नका.

करायचं काय असतं? आधी दहा-पंधरा मिनिटं वॉर्मअप, गुडघे वर, टाचा मागे, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं), थोडं स्किपिंग. वाकून ताणून धरायचे स्ट्रेचेस शेवटी, सुरुवातीला नाही. मग पळणं. पहिल्या दिवशी सगळ्या पहिल्या शंभर मीटरला सुसाट सुटतात आणि दोनशेला पोट धरून उभ्या, त्यामुळे आमचं अर्धं शिकवणं म्हणजे हळू पळायला शिकवणं आहे. साधी टेस्ट, पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एकेक शब्द तुटत असेल तर स्पीड जास्त. त्यामुळे आमच्या ग्राउंडवर गप्पा मारल्या की शाबासकी मिळते. ४०० मीटरच्या ट्रॅकवर साडेबारा राउंड म्हणजे ५ किलोमीटर, तिथपर्यंत दहा आठवड्यांत हळूहळू जायचं.

दुखण्याकडे लक्ष ठेवायचं. दोन्ही मांड्या भरून आल्यात तर ठीक, पण एकाच जागी बोट ठेवून "इथे दुखतंय" म्हणाली, लंगडायला लागली, तर त्या दिवशी पळणं बंद. या वयात टाचेच्या मागे दुखणं खूप कॉमन आहे, टाचेच्या हाडाचा वाढणारा भाग असतो तो कुरकुर करतो. "सहन कर, स्ट्राँग हो" असलं काही आमच्याकडे चालत नाही. पाळीत पळायचं का, तर वाटलं तर पळ, नको वाटलं तर चाल, आणि हे तिने सगळ्यांसमोर सांगायची गरज नाही.

एक नियम मात्र कडक, वजनावर एक शब्द नाही. "बारीक झालीस, छान" हे सुद्धा नाही. वाढीच्या वयात पळणाऱ्या मुलीने पोटभर खायचं असतं, आणि कौतुकाच्या एका वाक्यावरून जेवण कमी केलेली मुलगी आम्ही पाहिलीये. ते वाक्य बोललेल्या माणसाला आठवत पण नव्हतं.

बाकी नियम असे की कोणतीही मुलगी कधीही एकट्या मोठ्या माणसासोबत नजरेआड जाणार नाही, कायम दोन मोठे लागतात. मुलींना पर्सनल मेसेज नाही, जे काय ते पालकांच्या ग्रुपवर. पालकांच्या परवानगीशिवाय फोटो नाही. पोश्चर दाखवायला हात लावायचा तर आधी विचारायचं, आणि शक्यतो स्वतः करून दाखवायचं. येणाऱ्या प्रत्येकाकडून ओळखपत्र आणि ओळखीच्या दोघांचे रेफरन्स घेतो, अगदी वीस वर्षांची मैत्रीण असली तरी, त्यामुळे संशय घेतला म्हणून रुसू नका. काका लोकांना हेच नियम, आणि ग्राउंडवर एक तरी बाई असल्याशिवाय बॅच सुरू होत नाही. सुरुवातीला अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग आहे, त्यात फर्स्ट एड, उन्हाचा त्रास कसा ओळखायचा हे सगळं येतं, ते सगळ्यांना कंपल्सरी.

ज्यांना वेळ नाही पण द्यायची इच्छा आहे त्यांच्यासाठी. सगळ्यात आधी बूट, लहान साइजचे. जुने चालतील, पण तळ झिजलेले आणि कुशन बसलेले नकोत, ते घालून मुलीचे पाय दुखणार आणि ती पळणं सोडणार. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असं आम्ही मापून देतो, म्हणून अर्ध्या साइजचा फरक असलेले दोन-तीन जोड असले तर उत्तम. स्पोर्ट्स ब्रा नवीनच द्या, वेगवेगळ्या मापाच्या. सॅनिटरी पॅड्स, क्रेप बँडेज, ग्राउंडवर खुणेला ठेवायचे प्लॅस्टिकचे कोन, शिट्ट्या, पाण्याचे मोठे जार. पैसे दिलेत तर घेऊ, हिशोब दर महिन्याला बिलांसकट ग्रुपवर टाकतो. ट्रॉफ्या नकोत. मागे एकांनी पहिल्या नंबरसाठी कमरेएवढी ट्रॉफी पाठवली होती, मन मोठंच त्यांचं, पण एकीसाठी एवढी आणि ३७ जणींना काहीच नाही हे आम्हाला जमेना, ती परत केली आणि त्यांनीच मग बुटांचे आठ जोड दिले.

तर यायचं असेल तर या मेसेजला उत्तर द्या, नाव, कोणत्या संध्याकाळी जमेल आणि दहाच्या दहा आठवडे जमेल का एवढंच लिहा. टायमिंग, मेडल वगैरे लिहू नका. आधी एकदा नुसतं बघायला आलात तरी चालेल, पण पळायचे बूट घालून या, कारण बघायला आलेल्या माणसाला मुली कडेला बसू देत नाहीत, त्या आधी विचारतात "तुम्ही हळू पळता का?" आणि हो म्हणालात की मागच्या ग्रुपमध्ये घेतात.