व्हेंटिलेटरच्या खाटेला एक टेप बांधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी पुतणी नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. परवा घरी आली तेव्हा तिने एका प्रकारच्या प्रयोगांबद्दल सांगितले. मेंढीचे एक फुप्फुस काढतात आणि उरलेल्या फुप्फुसात व्हेंटिलेटरने मोठमोठे श्वास भरतात. काही तासांत त्यात पाणी साचते. मग औषधाने ही इजा कमी होते का, ते पाहतात.

ऐकता ऐकता मला दादा आठवले. टीबीने निकामी झालेले त्यांचे डावे फुप्फुस तरुणपणीच काढले होते. त्यानंतर वीस वर्षे त्यांनी कपाशी केली. दोन वर्षांपूर्वी निमोनिया झाला, व्हेंटिलेटर लागला आणि चौथ्या दिवशी ते गेले. यंत्रामुळे गेले असे मी म्हणत नाही, ते मला ठरवता येणार नाही. पण वहिनी आजही म्हणते, "वजन इचारलं, उंची कोनी इचारली नाई." एकच फुप्फुस असल्याची नोंद केसपेपरवर तिसऱ्या दिवशी झाली, तीही मी भांडल्यावर.

फुप्फुसाचा आकार उंचीवर ठरतो. पोट सुटले म्हणून ते वाढत नाही. दादा पाच फूट दोन इंच, वजन ७२ किलो. श्वासाच्या हिशोबाला मात्र उंचीच्या सूत्राने येणारे ५५ किलोच धरायचे असते. किलोमागे ६ मिली म्हणजे एका श्वासाला साधारण ३३० मिली. तेही दोन फुप्फुसांसाठी! एकच उरले असेल तर सगळा श्वास त्याच्यावरच येतो, म्हणून आणखी कमी द्यावा लागतो. जास्त ताण बसला की हवेच्या पिशव्यांच्या नाजूक भिंती झिरपू लागतात. उंदरांमध्ये हे १९७४ सालीच दिसले होते. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवरच्या चाचणीत किलोमागे १२ ऐवजी ६ मिली श्वास दिला, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले.

औषध सापडावे असे मलाही मनापासून वाटते. पण प्राण्यांत आशा दाखवणारे साल्ब्युटामॉल हे दम्याचे औषध शिरेतून दिल्यावर रुग्णांना अपाय होऊ लागला आणि ब्रिटनमधली ती चाचणी थांबवावी लागली. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. औषध सापडेपर्यंत आमच्या माणसांनी वाट पाहायची का?

कोविडनंतर आपल्या भागात व्हेंटिलेटर आले. फवारणीच्या विषबाधेचे रुग्णही त्यांच्यावरच येतात; २०१७ चे यवतमाळ आपण विसरलेलो नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांना माझी विनंती आहे: प्रत्येक व्हेंटिलेटरच्या खाटेला शिंप्याकडे असतो तसा टेप बांधा. निजलेल्या माणसाचीही डोक्यापासून टाचेपर्यंत उंची मोजता येते. केसपेपरच्या पहिल्या पानावर उंची आणि फुप्फुसाचे ऑपरेशन, असे दोन रकाने छापा. यंदाची फवारणी सुरू होण्याआधी हे व्हावे.

आपला,
एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा