फुटपाथवर हॉर्न कसला वाजवता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पादचाऱ्यांनाही शिस्त हवी’ हे कालच्या अंकातलं पत्र वाचलं. पादचारी कुठूनही रस्ता ओलांडतात हे मला मान्य आहे. मग त्यांनी ओलांडायचा तरी कुठून, हेही पत्रलेखकांनी सांगायला हवं होतं. टिळक रस्त्यावर सिग्नल लाल असतो तेव्हा झेब्रा पट्ट्यांवर मोटारींची रांग उभी असते आणि मधल्या फटींत दुचाक्यांची पुढची चाकं घुसलेली असतात. सिग्नल हिरवा व्हायला अजून अवकाश असतो, तोवरच मागच्यांचे हॉर्न सुरू होतात. माझ्यासारख्या गुडघे दुखणाऱ्या बाईने त्यातून वाट काढायची आणि वर शिस्तही तिनेच शिकायची!

गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी भाजीची पिशवी घेऊन मी फुटपाथवरून येत होते. रस्त्यावर नव्हे, फुटपाथवर. मागून हॉर्न वाजला. वळून बघते तर स्कूटरवर एक गृहस्थ. पुढे फळीवर शाळेच्या गणवेशातलं पाच-सहा वर्षांचं पोर उभं, गळ्यात पाण्याची बाटली. हॉर्नचं बटण ते पोर दाबत होतं आणि वडील म्हणत होते, “वाजव, वाजव, आजी सरकतील.” मी सरकले नाही. तेव्हा वडील म्हणाले, “आजी, जरा बाजूला व्हा ना, शाळेला उशीर होतोय.” मी विचारलं, “हा फुटपाथ आहे ना?” त्यावर उत्तर आलं, “खाली ट्रॅफिक बघताय ना किती आहे!” एवढ्यात त्यांच्या मागे आणखी दुचाक्या येऊन थांबल्या. त्यातला एक तरुण मलाच ओरडला, “ओ काकू, तुमच्यामुळे जाम झालाय!”

फुटपाथवर चालल्यामुळे वाहतूक कोंडी केल्याचा आरोप माझ्यावर! शेवटी एका दुकानाच्या पायरीवर चढून उभी राहिले, तेव्हा ही वरात पुढे गेली. त्या पोराने जाताना मला हात केला. त्याच्यावर माझा काडीचाही राग नाही. पण आणखी बारा-तेरा वर्षांनी त्याच्या हातात लायसन्स येईल तेव्हा फुटपाथ हा दुचाकीचाच रस्ता असतो, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असेल. राग येतो तो याचा.

केंद्राच्या २०१७ च्या वाहनचालन विनियमांत फुटपाथवर गाडी घालायला मनाई आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर राँग साइडने येणं, सिग्नल तोडणं, गाडी चालवताना हातात मोबाइल धरणं हे सगळं धोकादायक वाहनचालन ठरतं. पहिल्याच गुन्ह्याला १ हजारापासून ५ हजारांपर्यंत दंड आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला १० हजार. आमच्याकडे वाट देतात, पण रुग्णवाहिका पुढे गेली की तिच्याच मागे गाडी घालून सुसाट निघतात. आतल्या पेशंटचे नातेवाईक काय अवस्थेत असतील, याचा विचारही मनाला शिवत नाही? जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ महापालिकेने चांगले रुंद केले, आणि तिथेही दुचाक्या चढल्या. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो. त्या दिवशी वाहनं बंद असतात, म्हातारी माणसं रस्त्याच्या मधून निवांत चालतात. मी आवर्जून जाते. पण बाकीच्या दिवसांत आम्ही बाहेर पडायचं की नाही?

हात दाखवून वळायची पद्धत तर बंदच झाली. उजवा इंडिकेटर लावून डावीकडे वळतात. कान आणि खांद्याच्या मध्ये मोबाइल दाबून, मान वाकडी करून चालवणारे तर इतके आहेत की समोरचं माणूस त्यांना तिरकंच दिसत असेल. राँग साइडने येणारा वर आपल्यालाच डोळे वटारून बघतो. ‘राँग साइड’ म्हणावं तर म्हणतो, “एवढंसं तर जायचंय.” सगळ्यांनाच एवढंसं जायचं असतं हो! दुभाजकाच्या टोकाला जाऊन वळून यायला असा कितीसा वेळ लागतो? पेट्रोल वाचवायला आमचे पाय मोडायचे का?

आता एक तक्रार आपल्याबद्दलही आहे. फुटपाथवर चढलेल्या दुचाकीचा फोटो आपण परवा पहिल्या पानावर छापलात, त्याबद्दल आभार. पण नंबर प्लेट पुसट का केलीत? कायदा मोडणाऱ्याची एवढी भीड, आणि ज्या आजींना त्याने कडेला ढकललं त्यांचा चेहरा मात्र स्पष्ट! पुढच्या वेळी आजींचा चेहरा झाका आणि नंबर छापा. तेवढंही जमणार नसेल तर निदान चौकाचं नाव तरी द्या.

आपली,
एक नियमित वाचक, सदाशिव पेठ, पुणे ३०