धनेशाची पिल्लं बाहेर पडेपर्यंत

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा गप्प झाले असते आणि आईने लगेच दादाला फोन लावला असता, म्हणून लिहून कळवते. नोकरीचा राजीनामा दिलाय. आता पाऊस लागेपर्यंत देवरुखजवळच्या गावात राहून देवराईवर, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानावर, माहितीपट करायचाय. लांबी जेमतेम १२ मिनिटं. "एवढ्यासाठी नोकरी सोडायची?" हे बाबा विचारणारच.

रजेत बसणारं काम नाही हे. देवराईतल्या जुन्या बेहड्याच्या झाडाच्या ढोलीत धनेश या मोठ्या चोचीच्या पक्ष्याची मादी स्वतःला कोंडून घेते. विष्ठा आणि फळांचा चोथा लिंपून तोंड बुजवते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. अंडी, पिल्लं सगळं आत. अडीच-तीन महिने नर बाहेरून उंबरं, वडाची फळं भरवतो. माणूस जवळ दिसला तर तो ढोलीकडे यायचंच टाळतो आणि आतली उपाशी राहते. म्हणून आमचा नियम: ड्रोन नाही, ५० मीटरच्या आत पाऊल नाही. हिरव्या कापडाच्या आडोशात उजाडायच्या आधी शिरायचं, नर भरवून गेल्याशिवाय हलायचं नाही. ६०० मिलिमीटरची लेन्स ट्रायपॉडवर लावून फोकस फटीवर हाताने धरायचा. ऑटोवर ठेवला तर मधलं पान हललं की तो पानावर पळतो. पंखांचा आवाज आधी येतो, लोहाराच्या भात्यासारखा. तो ऐकला की रेकॉर्डिंग सुरू. फटीत चोच दिसल्यावर बटण दाबलं तर अर्धं भरवणं निसटलेलं असतं.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. माइकला केसाळ टोपी नसेल तर वाऱ्याची नुसती घरघर येते. शिवाय प्रत्येक जागी कुणीही न बोलता एक मिनिट नोंदवायचं, नाहीतर एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधे जंगल अचानक मुकं होतं. गुरवांच्या पडवीत ट्यूबलाइटखाली बोलणं घेताना कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवायचं, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, एरवी चित्र लुकलुकतं. बासरी आणि "निसर्ग वाचवा" सांगणारा भारदस्त आवाज, दोन्ही मला नकोत. लोक वा वा म्हणतात आणि घरी जातात.

दाखवायचं कुणाला, तर चाकरमान्यांना. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात या देवराया अभ्यासल्या. देवाच्या धाकाने वाळकी काटकीही न उचलणारी गावं होती ती. आता कित्येक ठिकाणी जीर्णोद्धार निघतो, मुंबईहून वर्गणी येते आणि स्लॅबच्या खर्चासाठी देवाचीच झाडं विकली जातात. बाबा, आपल्या देवळाची पावती कपाटात आहे हे मला माहीत आहे. तुम्हाला बोल नाही लावत. तात्यांच्या शब्दापुढे तुम्ही काय करणार होतात? पण पुढची पावती फाडण्याआधी मंडळाच्या सभेत लोकांनी ही १२ मिनिटं बघावीत आणि मे महिन्यात पोरांना घेऊन राईत जावं, एवढंच आहे माझं. पहिला खेळ मात्र गावातच, सभामंडपात. मानकऱ्यांनी तशी अट घातली आहे आणि मला ती पटली.

आई, संडास घरातच आहे. काकू भाकरी आणि कुळथाचं पिठलं करतात, तुझ्यासारखं नाही, पण पोट भरतं. राईत गमबूट आणि बॅटरी असतेच, देवरुखला ग्रामीण रुग्णालय आहे. विम्याचा हप्ता भरला, वर्षभर पुरेल एवढे बाजूला काढलेत. रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर, तेव्हा फोन संध्याकाळी सातला. लागला नाही तर दादाला पळवू नकोस. रात्री तुझ्या गोधडीतच झोपते, आणि अजून कडेचीच जागा लागते.

बाबांच्या मोतीबिंदूच्या दिवशी मी दवाखान्यात असेन, हे पक्कं. थेंबांच्या वेळा कॅलेंडरवर लिहा, दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्या, आणि महिनाभर माळ्यावर चढायचं नाही. आई, लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, कितीदा सांगायचं! आणि सिलिका जेलच्या पुड्या डब्यात साठवल्या असतील तर दादाबरोबर पाठव. इथल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते.

तुमची,
चिमी