दुःखाचं समर्थन दोस्तोव्हस्कीच्या नावावर नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला रशियन कादंबरीकार दोस्तोव्हस्कीवरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलाय, पण दुःखाने माणूस शुद्ध होतो आणि देवाजवळ जातो हीच त्याची शिकवण, असं जे सरसकट म्हटलंय ते मला अजिबात पटलं नाही. 'क्राइम अँड पनिशमेंट'मधल्या रास्कोलनिकोव्हसारख्या खून केलेल्या माणसाला ते लागू होईल, पण लहान पोरांचं काय?

त्याच्याच 'ब्रदर्स करामाझोव्ह' कादंबरीत (१८७९-८०) इव्हान आपल्या धाकट्या भावाला, अल्योशाला, नेमकं हेच विचारतो. कुत्र्याच्या पायाला चुकून दगड लागला म्हणून एक जनरल ८ वर्षांच्या भूदास (जमीनदाराच्या मालकीच्या) पोराला आईच्या डोळ्यांदेखत शिकारी कुत्र्यांकडून फाडून टाकतो, आता सांग या माणसाचं काय करायचं, आणि मठात राहणारा साधा श्रद्धाळू अल्योशा हळूच म्हणतो, गोळी घालायची! इव्हान देव नाकारतच नाही हो, शेवटी सगळं ठीक होणार असेल तरी लेकरांच्या रडण्याची ही किंमत मला मान्य नाही, त्या सुखाच्या जगाचं माझं तिकीट परत घ्या, एवढंच त्याचं म्हणणं. लेखक स्वतः श्रद्धावान, तरी त्याने हा युक्तिवाद जराही कमकुवत केला नाही. अल्योशाचा गुरू असलेला मठातला वृद्ध साधू झोसिमा, त्याच्या प्रकरणातून उत्तर द्यायचं त्याने ठरवलं होतं पण ते पुरेसं होईल का ही धास्ती त्याने पत्रात लिहून ठेवलीये.

मला विचाराल तर खरं उत्तर त्याच्याही आधी येऊन गेलंय. मूल गेलेली एक गरीब बाई झोसिमाकडे येते. तुझं बाळ देवापाशी आनंदात आहे असं तो आधी सांगतो, तर ती म्हणते माझा नवराही हेच सांगतो, पण पोरगा इथे माझ्याजवळ नाहीये ना, आणि त्याचा छोटासा कमरपट्टा काढून दाखवते. मग झोसिमा म्हणतो, सांत्वन करून घेऊच नकोस, रड. ते मूल ३ वर्षांना ३ महिने कमी असताना गेलेलं, नाव अलेक्सेई, म्हणजे लाडाने अल्योशा. दोस्तोव्हस्कीचा स्वतःचा मुलगा अल्योशा मे १८७८ मधे अगदी त्याच वयात गेला, तोही अपस्माराने, म्हणजे बापाच्याच आजाराने. त्यानंतर दोस्तोव्हस्की रशियातल्या ऑप्तिना मठात आम्ब्रोसी या साधूला भेटून आला, आणि तिथून बायकोसाठी आणलेले शब्दच झोसिमाच्या तोंडी आहेत असं तिने आठवणींमधे लिहिलंय.

ज्या बापाने हे भोगलं तो दुःख चांगलं असतं असं कुठल्या आईला सांगेल? तो तिला रडू देतो, श्रद्धाही सोडत नाही आणि इव्हानचा प्रश्नही मिटवत नाही.

या कादंबरीतला उतारा छापायचा विचार असेल तर इव्हानने सांगितलेल्या कथेचा 'ग्रँड इन्क्विझिटर' हा भाग नेहमीच छापून येतो, यावेळी या बाईचा प्रसंग पूर्ण छापा ही विनंती.

आपली एक नियमित वाचक