दादास पत्र: सोन्याचा गेम आणि आपलं वर्कशॉप

गोथेनबर्ग, स्वीडन
रविवार

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू दोन गोष्टी एका दमात बोललास. तुझा सोन्या रात्री एकपर्यंत हेडफोन लावून ऑनलाइन गेम खेळत ओरडत असतो, म्हणून त्याच्या खोलीतलं इंटरनेट काढून टाकणार. आणि अंबडच्या वर्कशॉपला तू एक दिवस गेला नाहीस तर काम ठप्प होतं, कुणी निर्णयच घेत नाही. फोनवर वाद नको म्हणून मी गप्प बसले, पण तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. सोन्या ज्या गोष्टीत रात्री घालवतो, तिच्यातून तुझ्या वर्कशॉपला शिकण्यासारखं खूप आहे, असं मला मनापासून वाटतं.

मीही इथे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम खेळते, वहिनीला माहीत आहे. हा गेम 2004 सालचा. त्यातले मोठे राक्षस मारायला सुरुवातीच्या काळात 40 जणांचा जथा लागायचा. आता सगळ्यात अवघड पातळीला 20 जण लागतात. काही जण मार अंगावर घेतात, काही जखमा भरून काढतात, बाकीचे हल्ला करतात. सगळे वेगवेगळ्या गावांत, पगार कुणालाच नाही, कुणीही कधीही उठून जाऊ शकतो. तरी ठरल्या वेळेला सगळे हजर असतात.

आमच्या गटाची प्रमुख कॉलेजात शिकणारी मुलगी आहे. तिचं ऐकणाऱ्यांत बँकेतले एक साहेब आहेत, एक ट्रकचालक आहे, मी आहे. नव्या राक्षसापुढे पहिल्या काही रात्री आम्ही सगळेच्या सगळे मरतो. याला वाइप म्हणतात. त्यानंतर काय होतं ते तू ऐकायला हवंस. ती लढाईची नोंद उघडते. कोण कितव्या सेकंदाला मेलं, कुणी ढाल कधी वापरली, सगळं सगळ्यांना सारखंच दिसतं. ती विचारते, "चाळिसाव्या सेकंदाला मार वाढतो, तेव्हा ढाल कुणाकडे होती?" ज्याच्याकडे होती तो लगेच म्हणतो, "माझ्याकडे, पण मी आधीच वापरून टाकली." "बरं, मग तू आता मागे ठेव, पहिली दुसऱ्याची वापरू." विषय संपला, पुन्हा लढाई सुरू.

आता आपल्याकडचं आठव. जॉब रिजेक्ट होऊन पार्टीकडून परत आला की पहिला प्रश्न, "कुणी केलं?" ऑपरेटर मशीन लावून देणाऱ्या सेटरचं नाव घेतो, सेटर मटेरियलला दोष देतो, आणि इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारा तुकडा, नेमका केव्हा झिजला हे कुणालाच कळत नाही. पुढची बॅचही तशीच जाते. माणसं वाईट आहेत म्हणून असं होत नाही रे. खरं बोलणाऱ्यालाच बोलणी बसतात, म्हणून होतं. व्हीएमसी मशीनशेजारी एक फळा लाव, त्यावर दर तासाचे नग, रिजेक्शन आणि इन्सर्ट बदलल्याची वेळ लिहा. आकडा तुला जेव्हा दिसतो, तेव्हाच हेल्परलाही दिसू दे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ती प्रमुख सगळा वेळ प्रमुख नसतेच. लढाईच्या एका टप्प्यात ती सांगते, "इथून हाका तो देईल, त्याला पुढचं दिसतं." आणि मग ती त्याच्या हाकेवर पळते. पाच मिनिटांनी सूत्रं परत तिच्याकडे. यात कुणाचा मान जात नाही. स्टॅनफर्डचे बायरन रीव्ह्ज, एमआयटीचे थॉमस मलोन आणि टोनी ओड्रिस्कॉल यांनी 2008 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत यावरच लेख लिहिला होता. हुकूम देणारा घडीभराने हुकूम पाळणारा होतो, हे त्यांना फार विशेष वाटलं. त्यांचा रोख असा की, नेता कोण आहे यापेक्षा त्याच्या भोवतीची व्यवस्था कशी आहे, यावर बरंच काही ठरतं. मला ते पटतं. दुसऱ्या पाळीतला तुझा तो तरुण ऑपरेटर निर्णय घेत नाही, कारण घ्यायची वेळ आली की तुझा फोन येतो.

बोनसचंही तसंच. 1999 च्या एव्हरक्वेस्ट या गेममधल्या गटांनी लुटीच्या वाटणीसाठी डीकेपी नावाची गुणांची पद्धत काढली. हजेरी लावली, लढाईत उतरलात, की गुण जमा. वस्तू हवी तर ते खर्च करायचे. हिशेब सगळ्यांसमोर. त्यातही खोट निघाली. लोक गुण साठवून बसायचे आणि गरजेची वस्तू गरजवंताला मिळायची नाही. म्हणून काही गटांत चारपाच जण मिळून वाटप ठरवतात. पद्धत कुठलीही असो, कुणाला काय आणि का मिळालं हे माहीत असतं. आपल्याकडे दिवाळीला बंद पाकीट मिळतं आणि मग वर्षभर कुजबुज चालते.

ईव्ह ऑनलाइन नावाच्या आइसलँडच्या गेममध्ये 27 जानेवारी 2014 ला एक लढाई पेटली. साडेसात हजारांवर खेळाडू तिच्यात उतरले आणि ती सुमारे 21 तास चालली. ठिणगी कशाची? एका जागेचा ताबा ठेवायचा हप्ता भरला गेला नव्हता. एवढं मोठं सैन्य, आणि गाडं अडलं एका बिलावर. जीएसटी, लाइटबिल, डिस्पॅचच्या तारखा, सगळं तुझ्या एकट्याच्या डोक्यात असतं, म्हणून मला काळजी वाटते. बाबांचंही असंच होतं, आणि त्यांची तब्येत त्यातच गेली.

गेममध्ये मेलं तरी मिनिटाभरात उठून उभं राहता येतं. तुझ्या मशीनचं स्पिंडल आपटलं तर लाखाचा खड्डा, हे मला माहीत आहे. म्हणून एकदम सगळं सोडू नकोस. रोजची एक चालू ऑर्डर, जिचं ड्रॉइंग सगळ्यांना पाठ आहे, ती दुसऱ्या पाळीतल्या त्या ऑपरेटरच्या ताब्यात पूर्ण दे. सेटिंगपासून डिस्पॅचपर्यंत. महिनाभर त्या ऑर्डरबद्दल त्याने विचारल्याशिवाय तू काही सांगायचं नाहीस.

सोन्याची झोप मोडते ते मलाही मान्य नाही. अकराला गेम बंद, हे त्याला माझ्या नावाने सांग. पण एकदा त्याच्या मागे खुर्ची टाकून बस आणि तो बाकीच्यांना काय सांगतो ते ऐक. मग त्याला शनिवारी वर्कशॉपला घेऊन जा आणि तो फळा त्याच्याकडूनच आखून घे.

वहिनीला नमस्कार, आईला सांग थंडीचे कपडे पुरेसे आहेत. फळ्याचा फोटो पाठव.

तुझी,
छोटी