बागेसाठी देणगी देताना माळ्याचाही विचार व्हावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मृत्यूनंतरच्या विधींची जेवढी व्यवस्था आपल्या नाशिकमध्ये आहे, तेवढी फार थोड्या शहरांत असेल. अस्थिविसर्जनासाठी रामकुंडावर देशभरातून लोक येतात. त्यांच्यासाठी तीर्थोपाध्ये, नामावळीच्या वह्या, साहित्याची दुकाने आणि धर्मशाळा हे सारे पंचवटीत पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. मात्र मृत्यूच्या आधीचे जे काही आठवडे असतात, ज्यांत माणूस बोलत असतो, त्याला काही खावेसे, कोणाला भेटावेसे, बाहेर जावेसे वाटत असते, त्या आठवड्यांचा विचार आपण शहर म्हणून फारसा केलेला नाही. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून अशा रुग्णांची विनामूल्य सेवा करत आहे, हे येथे सांगितले पाहिजे.

शहरातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह केअर (बऱ्या न होणाऱ्या आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या) विभागामागे पडून असलेल्या जागेत या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी शांत बाग करावी, म्हणून आम्ही काही निवृत्त परिचारिका आणि पूर्वी तेथे दाखल असलेल्या रुग्णांचे नातेवाईक निधी जमवत आहोत. लोक मदतीला तयार आहेत; परंतु ती कशासाठी आणि कशा स्वरूपात द्यावी, याबाबत आमचे आणि अनेक देणगीदारांचे मत जुळत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

‘बाग कसली करता, त्याच पैशात एखादे यंत्र घ्या,’ हा सल्ला आम्हाला सर्वाधिक मिळतो. तो देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, पण या विभागात येईपर्यंत रुग्णाचा यंत्रांशी असलेला संबंध बहुधा संपलेला असतो. रोग बरा करण्याचे उपाय थांबल्यावर वेदना, धाप, मळमळ आणि भीती यांवर उपचार करायचे असतात. वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या आहेत, त्या महागही नाहीत, आणि अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यानंतर परवान्यांचा गुंताही कमी झाला आहे. दिवसभर छताकडे पाहत पडून राहण्यावर मात्र गोळी नाही. रॉजर उलरिच यांचा १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात नेहमी सांगितला जातो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि घरीही लवकर सोडता आले. ते रुग्ण बरे होणारे होते आणि अवघे ४६ होते, त्यामुळे त्यावर मोठे दावे उभारू नयेत, असे माझे मत आहे. तरीही भिंत आणि झाड यांत फरक पडतो, एवढे मानायला तो पुरेसा आहे.

मी नोकरीत असताना निफाड तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार आमच्या वॉर्डात होते. ऑक्टोबर छाटणी होऊन गेली होती, फुटी कोवळ्या होत्या आणि बाहेर ढगाळ असल्याचे त्यांनी कोणाच्या तरी बोलण्यात ऐकले. ‘सिस्टर, आभाळ किती आलंय ते मला बघू द्या, डावणी येईल,’ असे ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. डावणी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. त्यांना चाकाच्या खुर्चीवरून न्यायला एकच मोकळी जागा होती, ती म्हणजे दुचाकींचा तळ आणि जनरेटर यांच्यामधली. तेथे त्यांनी ढग पाहिले आणि फवारणी कोणती व कधी करायची ते मुलाला फोनवर सांगितले. पण फरशीच्या प्रत्येक सांध्यावर खुर्चीला हिसका बसला, की त्यांचे डोळे मिटत होते, कारण कर्करोग हाडांत पसरलेला होता.

म्हणूनच आमच्या आराखड्यात झाडांच्या आधी वाटेचा विचार केला आहे. पेव्हर ब्लॉक नकोत, हिरवळीवरून चाके फिरत नाहीत. वाट सलग, न घसरणारी आणि खाट नेता येईल इतकी रुंद हवी, आणि एक फूट चढाला निदान बारा फूट लांबीचा उतार हवा. रातराणीसारखा उग्र वास मळमळणाऱ्या रुग्णाला सोसत नाही, त्यामुळे ती खाटांपासून लांबच बरी. बकुळ, पारिजातक, कडुनिंब ही झाडे चालतील. कारंजे सुचवणारे पुष्कळ भेटले, परंतु ते बंद पडले की साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होणार. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे, त्यांना उकरलेल्या मातीतील बुरशीपासून धोका असतो, म्हणून बाहेर नेण्याचा निर्णय डॉक्टरच घेतील. याशिवाय दोन-तीन बाके आडोशाला हवीत. ‘आता घरी नेले तरी चालेल’ हे वाक्य नातेवाइकांना आज लिफ्टशेजारी उभ्याने ऐकावे लागते आणि सुरगाणा-पेठहून आलेली माणसे ते ऐकून जिन्यातच बसतात.

आता पैशांविषयी. रोपे द्यायला रोपवाटिका तयार आहेत, ठिबकही या द्राक्षांच्या जिल्ह्यात सहज उभे राहील. अडते ते पुढे. उद्घाटनानंतर दोन उन्हाळ्यांत वाळून गेलेली बाग प्रत्येकाने आपापल्या भागात पाहिली आहे. भाषणात नाशिकला जुन्या नावाने ‘गुलशनाबाद’ म्हणणे सोपे, माळ्याचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. आमचा आग्रह असा, की जमणाऱ्या निधीचा मोठा भाग न्यासाच्या नावे कायम ठेवीत राहावा आणि व्याजातून देखभाल व्हावी. समजा ३० लाखांची ठेव सहा टक्क्यांनी ठेवली, तर वर्षाला १ लाख ८० हजार, म्हणजे महिन्याला १५ हजार रुपये मिळतील, ज्यात एका माळ्याची सोय होऊ शकेल. देणगी कायम निधीसाठी आहे, असे देणगीदाराने लेखी द्यावे, म्हणजे ती रक्कम दुसरीकडे वळवली जाणार नाही. रोख रक्कम आम्ही घेत नाही. तसेही २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीला प्राप्तिकरात सवलत मिळत नाही. सातपूर आणि अंबडच्या कंपन्यांना सामाजिक दायित्वाच्या निधीतून वाट आणि सावलीचे छत करून देता येईल, कारण तो एकदाच करायचा खर्च आहे.

एका गोष्टीवरून काही देणगीदार नाराज झाले आहेत. आई-वडिलांच्या स्मरणार्थ बाक द्यायचा आणि त्यावर नाव कोरायचे, ही आपली रीत आहे आणि शाळेत किंवा उद्यानात ती शोभतेही. परंतु ज्याला स्वतःचे दिवस थोडे उरल्याचे ठाऊक आहे, त्याने ‘कै.’ने सुरू होणाऱ्या पाटीला पाठ टेकून बसावे, हे आम्हाला पटत नाही. त्यामुळे देणगीदारांची आणि ज्यांच्या स्मरणार्थ देणगी दिली त्यांची नावे न्यासाच्या कार्यालयातील नोंदवहीत राहतील, बागेत एकही पाटी नसेल, आणि या अटीवर ज्यांना देणगी द्यायची नसेल त्यांचे धनादेश आम्ही परत करू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, नाशिक रोड